पायऱ्यांवरची शिट्टी

शिट्टी वाजली आणि पायऱ्यांवर बसलेल्या सगळ्यांनी एकदम आपापले हात बघितले. ज्यांच्या हातात काहीच नव्हतं त्यांनीसुद्धा. चोर एकटाच होता. एका जाडजूड पाहुण्याने वेफर्सचं रिकामं पाकीट तळ्यात सोडून दिलं होतं आणि ते लाटांवर निवांत डोलत निघालं होतं. शिट्टीबाईने तोंडातून एक शब्द काढला नाही. तिने पाकिटाकडे बोट दाखवलं, मग फलकाकडे, मग पुन्हा पाकिटाकडे. पाहुण्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सगळं गाव आपल्याकडेच बघतंय म्हटल्यावर बिचाऱ्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मुकाट्याने पाण्यात उतरला.

"आज बोहनी लवकर झाली, शिट्टीबाई!" चहावाला टपरीतून ओरडला.

ती हसली नाही. कामावर असताना हसायचं नाही, असा तिचा स्वतःचाच नियम होता. अंगात नारिंगी जॅकेट, गळ्यात काळ्या दोरीत ओवलेली स्टीलची शिट्टी, आणि पायऱ्यांच्या वरच्या टोकाला ठरलेली जागा. तिचं खरं नाव पगारपत्रकावर तेवढं शिल्लक होतं. गावात ती शिट्टीबाई आणि पोरांच्या तोंडी नुसतीच शिट्टी.

हे शिट्टीचं खूळ ग्रामपरिषदेच्या अध्यक्षांचं. तळं बघायला पाहुणे यायला लागले, घरोघरी एकदोन खोल्या रंगवून त्यांना भाड्याने द्यायची टूम निघाली आणि कचऱ्याने तळ्याची पार रया गेली. खोटं कशाला बोला, पाहुण्यांइतकेच गावकरीही कमी नव्हते. घरातला केर तळ्यात, उरलंसुरलं अन्न तळ्यात, गाड्यांची अंघोळ तळ्यात. परिषदेने फलक लावले, ते कोणी वाचले नाहीत. दंड लावला, तर दंड मागणाऱ्यालाच लोकांनी आईबहिणीवरून ऐकवलं. पहिला दंड अध्यक्षांच्या मेव्हण्याला झाला आणि अध्यक्षांना महिनाभर घरात धड जेवण मिळालं नाही म्हणतात. मग एका संध्याकाळी टीव्हीवर फुटबॉल बघताना त्यांच्या डोक्यात वीज चमकली. "बावीस रेडे एका काटकुळ्या माणसाला घाबरतात ते कशाच्या जोरावर?" त्यांनी बैठकीत विचारलं. "शिट्टीच्या! बोललं की माणूस उलट बोलतो. शिट्टीला काय उलट बोलणार?"

म्हणून नियम ठरला. शिट्टी वाजवायची, बोट दाखवायचं, बोलायचं नाही. ओळखीचा असो, नात्यातला असो, हाक मारायची नाही की नाव घ्यायचं नाही. बोललं की भांडण आलं.

या कामाला शाळेत झाडू मारणारी ही बाई निवडली. नवरा लवकर गेलेला, पोरबाळ नाही, आणि आवाज असा बारीक की दुकानात चार वेळा मागितल्याशिवाय साखर मिळायची नाही. "नाहीतरी हिचं कोण ऐकतंय!" बैठकीत कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. पहिल्या दिवशी तिने शिट्टी फुंकली आणि पायऱ्यांवरची सगळी डोकी एकदम तिच्याकडे वळली. आयुष्यात पहिल्यांदा. तिला गंमत वाटली. खरं सांगायचं तर गंमत नव्हे, नशाच चढली थोडी.

आणि काम झालं! दंडाला ज्यांनी भीक घातली नाही ते चारचौघांत मान खाली घालायला घाबरले. आधी शिट्टीच्या भीतीने, मग सवयीने. बाया उरलंसुरलं अन्न वरच्या खड्ड्यात नेऊन टाकायला लागल्या. बापाने विडीचं थोटूक फेकलं की पोरं तोंडाने शिट्टी वाजवायची. काठच्या लव्हाळ्यात साबणाचा फेस साचायचा तो गेला, मासे परत आले, तळाचे गोटे दिसायला लागले. सरकारचं पथक येऊन आदर्श पर्यटन गावाची पाटी लावून गेलं. एवढं सगळं चांगलं झालं. फक्त तिची ताई तिच्याशी बोलेनाशी झाली.

त्या दिवशी पाहुणा पाकीट घेऊन ओल्या पायांनी वर येत होता, तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "मावशी, जरा बाजूला येता?"

ताईची सून होती. ताईच्या घरचं माणूस भर दिवसा सगळ्यांदेखत तिच्याशी बोलायला येतं म्हणजे काहीतरी बिनसलेलंच असणार.

"आईंचं आता काही खरं नाही, मावशी. छातीत पाणी झालंय. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, आवडेल ते खायला घाला."

शिट्टीबाईने गळ्यातली शिट्टी घट्ट आवळली.

"आणि आणखी एक. त्यांना ऐकू येत नाही हो. पार ठार बहिऱ्या झाल्यात. डॉक्टर म्हणाले, हे आजकालचं नाही, खूप वर्षांपासून हळूहळू जात आलंय. आम्हाला पत्ताच नाही! आम्ही म्हणायचो, हट्टी आहेत, मुद्दाम उत्तर देत नाहीत. त्या आमचे ओठ बघून निभावून न्यायच्या."

"किती वर्षांपासून?"

"ते कोण सांगणार? पण इथलं धुणं बंद झालं ना, त्याच्याही आधीपासून असेल म्हणाले."

शिट्टीबाईने वळून तळाच्या पायरीकडे पाहिलं.

कसं सांगावं? ताई म्हणजे तिला आईच. आई गेली तेव्हा ही एवढीशी होती आणि ताईने याच पायऱ्यांवर, कान धरून, तिच्या केसांना साबण चोळून तिला मोठी केली. आवाजावरून चिमणी हे नावही ताईनेच ठेवलं, लाडात आली की चिमे म्हणायची. पुढे गावात पाहुण्यांच्या खोल्या झाल्या तशा निम्म्या गावाच्या चादरी ताईकडे धुवायला यायला लागल्या. तळाच्या पायरीशी एक सपाट दगड होता, तो ताईचा. त्यावर चादर आपटल्याचा आवाज अख्ख्या गावाचं घड्याळ होता.

पथक यायच्या आदल्या दिवशी परिषदेची गाडी भोंगा लावून गल्लोगल्ली फिरली. उद्यापासून तळ्यावर कपडे धुवायला मनाई, ऑफिसमागे नळ बसवलेत, तिथे धुवा. दुसऱ्या दिवशी पायऱ्या स्वच्छ, रिकाम्या, आणि तळाशी ताई. एकटी, पाठमोरी, साबण लावलेली चादर दगडावर पसरून बसलेली. शिट्टीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुद्दाम आलीय ही! धाकट्या बहिणीची नोकरी जाते का राहते बघायला आलीय!

तिने नियम मोडला. हाक मारली. "ताई!" मग जरा मोठ्याने, "ए ताई, ऊठ ना!" ताईने चादर उचलली आणि आपटली. वरून अध्यक्ष घाम पुसत हातवारे करत होते, पथकाची गाडी थांबली होती, दारं उघडत होती. तिने शिट्टी तोंडात धरली आणि होता नव्हता तेवढा श्वास तीत ओतला.

ताई दचकली, घसरली, हातावर पडली. चादर सुटली आणि पाण्यावर पांढरीशुभ्र पसरत गेली. पथकातला एकजण हसला, दुसऱ्याने फोटो काढला. ताईने गुडघाभर पाण्यात जाऊन चादर ओढून आणली, पिळली, खांद्यावर टाकली आणि एकेक पायरी चढत तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"कुत्र्याला बोलावतात तसं बोलावलंस," ती म्हणाली. "ताई म्हणायला तोंड नव्हतं तुला?"

"म्हटलं गं! दोनदा म्हटलं!"

"वर खोटं बोलतेस."

त्यानंतर शिट्टीबाई कितीदा तरी तिच्या दारात जाऊन उभी राहिली. हाका मारल्या. ताई पाठ करून भांडी घासत राहायची. समोरासमोर गाठ पडली तर तोंड फिरवून निघून जायची. ऑफिसमागच्या नळावर ती एकदाही गेली नाही. घरात बादल्या भरून चादरी धुवायची, कंबर मोडेपर्यंत. आणि इकडे वर्षं सरली तसं शिट्टीबाईला स्वतःचाच भरवसा वाटेना. आपला आवाज तो काय! ओठातल्या ओठात राहिली असेल हाक. की मारलीच नव्हती? शिट्टी तोंडाशी असताना माणूस हाक मारेल कशी? कोणाला विचारायची सोय नव्हती. हाक मारली की नाही, हे सांगू शकणारं माणूस जगात एकच होतं आणि ते बोलत नव्हतं.

"मी जाऊन येते," ती चहावाल्याला म्हणाली.

"बिनधास्त जा. मी बघतो इकडे," तो म्हणाला. "माझ्याकडे शिट्टी नाही, पण शिव्या आहेत."

ताईला पाहुण्यांच्या खोलीत झोपवलं होतं, कारण घरात खिडकी तेवढी त्याच खोलीला चांगली. शेजारच्या खोलीत मात्र एक पाहुणे नवराबायको होते. हंगामच होता, दोन्ही खोल्या कशा रिकाम्या ठेवणार? भिंतीवर सूचना लावली होती, टॉवेल रोज बदलून मिळणार नाहीत, पाणी वाचवा, ग्रामपरिषद. तिच्याखाली पलंगावर ताई, भिंतीकडे तोंड करून. अंगावर निळी चादर, धुऊन धुऊन विरलेली. ताई चादरीखाली असून नसल्यासारखी होती.

"ताई," शिट्टीबाईने हाक मारली. मग पुन्हा, "ताई!"

"हात लावून उठवा, मावशी," सून हळूच म्हणाली आणि बाहेर गेली.

हात लावायचा धीर होईना. एवढ्या वर्षांत या अंगाला तिने हात लावला नव्हता. शेवटी तिने खांद्यावर नुसती बोटं टेकवली. ताईने मान वळवली. डोळे बारीक करून तिने आधी जॅकेट पाहिलं, मग तोंड.

"चिमे?" ती मोठ्याने म्हणाली. बहिऱ्या माणसाचा असतो तसला आवाज, खोलीत न मावणारा. "जॅकेट घालून आलीस? मला पकडायला?"

शिट्टीबाईला हसावं की रडावं कळेना. ती वाकली आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "मी हाक मारली होती!"

शेजारच्या खोलीचं दार किलकिलं झालं आणि घाईने बंद झालं.

"ओरडू नकोस. पाहुण्यांची झोपमोड होते," ताई म्हणाली. "ओठ हलव नुसते."

"मी. हाक. मारली होती. त्या दिवशी. दोनदा."

ताई तिच्या ओठांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "माहितीये मला."

"काय माहितीये?"

"मारली असशील ते. त्याच आठवड्यात कळलं. पेपरवाला दारात हाका मारून मारून गेला, आणि मी इथे दाराकडे पाठ करून गहू निवडत बसलेली. नंतर भांडायला आला तेव्हा कळलं. म्हटलं, मग चिमीनेही मारलीच असेल. तू कसली खोटं बोलतेस! लहानपणी साखर खाल्लीस तर मिशा पुसायचंही सुचायचं नाही तुला."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? बहिरी झाले म्हणून सांगत फिरू?" ताईला धाप लागली. ती थांबली, पुन्हा म्हणाली, "बहिरी म्हणवून घेण्यापेक्षा रुसलेली बरी, असं वाटलं. रुसलेल्या माणसाला कोणी फार हाका मारत नाही. मारल्या आणि ओ दिली नाही, तरी कोणाला नवल वाटत नाही. मला सोपं पडलं ते."

शिट्टीबाईला राग आला. असा राग तिला जन्मात आला नव्हता. एवढी वर्षं! एकाच गावात, हाकेच्या अंतरावर, एकटीने जेवून एकटीने झोपत काढलेली वर्षं, आणि हिला सोपं पडलं! तिने तोंड उघडलं, पण रागाचे शब्द ओठांनी दाखवायचे कसे ते तिला जमेना. ती नुसतीच पलंगाच्या कडेला बसून रडायला लागली. जॅकेटच्या चकाकत्या पट्ट्यांवर पाणी पडत होतं.

"वेडी," ताई म्हणाली. तिने चादरीतून हात काढला आणि धाकटीचा कान धरला, केस धुताना धरायची तसा. "मार आता."

"काय?"

"हाक मार. बघू दे."

"ताई," शिट्टीबाई म्हणाली. आवाज फुटलाच नाही, ओठ हलले तेवढेच.

"ओ," ताई म्हणाली.

मग ताईने तळ्याची चौकशी केली. तळ दिसतो म्हणतात ते खरं का, आणि माझा दगड आहे का जागेवर? आहे, पण शेवाळ चढलंय, असं शिट्टीबाईने सांगितलं, दोनदा सांगितलं तेव्हा कळलं.

"चांगलं केलंत तुम्ही लोकांनी," ताई म्हणाली. "साबण जायचा सगळा माशांच्या पोटात. मला काय दिसत नव्हतं? पण माणसाला नीट सांगावं." मग तिने अंगावरची चादर चिमटीत धरली. "ही एकदा त्या पाण्यातून काढून आण. साबण लावू नकोस. नुसती खळबळून घे. नळाच्या पाण्याने हिचा आजाराचा वास जात नाही बघ."

"ताई, मनाई आहे गं."

"मग शिट्टी वाजव स्वतःलाच," ताई म्हणाली आणि हसताहसता खोकली.

शिट्टीबाई 'हो' म्हणाली नाही आणि 'नाही'ही म्हणाली नाही. उद्या बघू म्हणाली. दुसऱ्या दिवशी सुट्टी लागून आलेली, पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि जिच्यामुळे गावाला पाण्यात हात धुवायची चोरी झाली तिनेच सगळ्यांदेखत चादर बुडवायची म्हणजे काय? गर्दी कमी झाली की नेऊ, असं तिने ठरवलं. रोज दुपारी ती ताईकडे जायची, रोज हाक मारून दाखवायची, ताई रोज ओ द्यायची. चादरीचं पुन्हा कोणी काढलं नाही. गर्दी कमी व्हायच्या आधीच एका सकाळी सून पायऱ्यांवर आली आणि नुसती उभी राहिली.

दिवसकार्य आटोपल्यावर त्या खोलीतला पलंग उन्हात काढला, भिंती पुसल्या. पाहुणे यायचे होते. सुनेने निळी चादर घडी करून शिट्टीबाईच्या हातात दिली. "टाकून द्यायला जीव होत नाही, मावशी. तुम्हीच न्या."

शिट्टीबाई घरी गेली नाही. ती सरळ तळ्यावर आली. रविवार होता, पायऱ्या माणसांनी भरलेल्या. टपरीपाशी थांबून तिने जॅकेट उतरवलं, नीट घडी घातली आणि चहावाल्याच्या फळीवर ठेवलं. गळ्यातली शिट्टी काढून वर ठेवली. चहावाल्याने तिच्या हातातली चादर पाहिली आणि गाळणीतला चहा तसाच राहू दिला.

ती गर्दीतून वाट काढत तळाच्या पायरीपर्यंत उतरली. दगड शोधावा लागला. शेवाळ पायाने घासून तिने जागा केली आणि वाकून चादर पाण्यात सोडली. पाणी इतकं निवळ होतं की चादरीची सावली खाली गोट्यांवर हलताना दिसत होती. गावातल्या बाया डोक्यावरच्या टोपल्या धरून जागच्या जागी थांबल्या. सवयीने सगळ्यांनी शिट्टीची वाट पाहिली. शिट्टी वाजली नाही. मग एकेक करून त्यांनी माना दुसरीकडे वळवल्या, कोणी डोंगराकडे बघितलं, कोणी आपल्याच पायांकडे.

"ओ बाई!" वरच्या पायरीवरून एक पाहुणा ओरडला. सज्जन माणूस, फलक वाचलेला. "इथे कपडे धुवायला बंदी आहे! बाई, तुम्हाला सांगतोय!"

ती पाठमोरी वाकलेलीच होती. तिने चादर उचलली, पिळली नाही, पुन्हा पाण्यात सोडली.

पाहुण्याने टपरीकडे वळून पाहिलं. "काय हो, ऐकत का नाहीत त्या?"

चहावाल्याने फळीवरची शिट्टी उचलून जॅकेटच्या घडीत सरकवली.

"राहू द्या, साहेब," तो म्हणाला. "त्यांना ऐकू येत नाही."